विश्लेषण : कोळ्याच्या विषात नेमके असते काय? एका थेंबातील हजारो रेणूंची यादी कशासाठी?

ऑस्ट्रेलियातील सिडनी फनेल-वेब या कोळ्याच्या दंशाने १९२७ ते १९८० या काळात १३ जणांचा मृत्यू झाल्याची नोंद आहे. १९८१ पासून मात्र एकही मृत्यू नोंदला गेलेला नाही. कोळी आजही सिडनीच्या परसबागांत आहे, दंशही होतात. फरक पडला तो अँटिव्हेनममुळे, म्हणजे प्रतिविषामुळे. याच कोळ्याच्या एका भाऊबंदाच्या विषातून आता पक्षाघातावरील औषध शोधण्याचा प्रयत्न सुरू आहे. जीव घेणाऱ्या विषातून जीव वाचवणारे औषध कसे निघू शकते? त्यासाठी आधी विषाच्या एका थेंबात काय काय आहे, याची यादी तयार करावी लागते. ती कशी तयार होते आणि तिचा रुग्णाला काय उपयोग, याविषयी…

विष म्हणजे एकच पदार्थ नाही का?

नाही. गोडा मसाला आपण एका नावाने ओळखतो, पण त्यात धने, तीळ, खोबरे, दगडफूल असे कितीतरी जिन्नस असतात. कोळ्याच्या विषाचेही तसेच आहे. त्यात साधारण तीन थर असतात. पहिला थर क्षार आणि अगदी लहान रेणूंचा. दुसरा पेप्टाइडचा, म्हणजे काही डझन अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांचा. तिसरा थर मोठी प्रथिने आणि विकरांचा (एन्झाइम).

कोणत्या कोळ्यात कोणता थर प्रभावी, यावर दंशाचा परिणाम ठरतो. ब्लॅक विडो कोळ्याचे मुख्य अस्त्र म्हणजे हजाराहून अधिक अमिनो आम्लांचे एक अवाढव्य प्रथिन. ते चेतातंतूंच्या टोकांवर हल्ला करते आणि रुग्णाला तीव्र वेदना होतात, स्नायू आखडतात. ब्राउन रिक्लूजच्या विषातील एक विकर दंशाच्या जागेची त्वचा कुजवते. फनेल-वेबच्या विषात मात्र छोट्या पेप्टाइडचे राज्य आहे. त्यामुळे ‘कोळी चावला’ एवढ्या माहितीवर उपचार ठरवता येत नाहीत. विषात काय आहे, ते कळावे लागते.

इतके घटक कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. कोळ्याचे खाद्य प्रामुख्याने कीटक. कीटकाच्या चेतापेशीवर सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम या आयनांची ये-जा करणारी वेगवेगळी ‘दारे’ असतात. त्यांना आयन चॅनेल म्हणतात. चेतासंदेश पुढे जाणे या दारांच्या उघडझापीवर अवलंबून असते. विषातील एक पेप्टाइड एक दार बंद करते, दुसरे दुसरेच दार उघडे ठेवते. एकाच वेळी अनेक दारांवर घाव बसला की कीटक क्षणात लुळा पडतो.

विष गोळा कसे करतात?

फनेल-वेब चिडका कोळी आहे. त्याला डिवचले की तो पुढचे पाय उचलून विषदंत रोखतो आणि दातांच्या टोकांवर विषाचे थेंब जमतात. बारीक नळीने ते ओढून घेतले जातात. इतर अनेक जातींमध्ये कोळ्याला भूल देऊन विजेचा अगदी सौम्य झटका देतात. त्यामुळे विषग्रंथीभोवतीचे स्नायू आकुंचन पावतात आणि विष बाहेर येते.

अडचण असते प्रमाणाची. साप एका वेळी जेवढे विष देतो, त्याच्या तुलनेत कोळ्याकडून मिळणारा थेंब नगण्य असतो. म्हणूनच न्यू साऊथ वेल्समधील ‘ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्क’ ही संस्था लोकांना आवाहन करते, की घरात किंवा बागेत फनेल-वेब दिसला तर मारू नका, सुरक्षितपणे बरणीत पकडून आणून द्या. तिथे या कोळ्यांचे विष काढून अँटिव्हेनमसाठी पाठवले जाते. सर्वाधिक मागणी नरांना, कारण या जातीत नराचे विष माणसासाठी जास्त घातक असते.

थेंबातील घटक वेगळे कसे होतात?

पहिली पायरी गाळणीची. सुकवलेले विष द्रवात विरघळवून प्रचंड दाबाखाली एका बारीक नळीतून सोडतात. नळीत तेलकट लेप दिलेले सूक्ष्म कण ठासून भरलेले असतात. पाण्याची ओढ असलेले रेणू लवकर बाहेर पडतात, तेलकट रेणू कणांना चिकटून रेंगाळतात आणि उशिरा येतात. त्यामुळे घटक एकामागून एक वेगळे होतात. औषध कंपन्यांत गोळीची शुद्धता तपासायला हेच तंत्र वापरतात. त्याचे रोजच्या वापरातील नाव ‘एचपीएलसी’.

दुसरी पायरी वजनाची. मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रात रेणूंना विद्युतभार देऊन निर्वात नळीत पळवतात. हलका रेणू आधी पोहोचतो, जड रेणू नंतर. पोहोचायला लागलेल्या वेळेवरून वजन निघते. पूर्वी प्रथिनांसारखे नाजूक रेणू यंत्रात नेतानाच तुटायचे. ते न तोडता उडवण्याच्या पद्धती शोधल्याबद्दल अमेरिकेचे जॉन फेन आणि जपानचे कोइची तनाका यांना २००२ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. तनाका हे विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर असून तेव्हा ते एका उपकरण कंपनीत नोकरी करत होते.

वजनातून आणखी एक गोष्ट कळते. या पेप्टाइडमध्ये गंधक असलेल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या जोड्या एकमेकींना बांधलेल्या असतात. हा बंध रासायनिक प्रक्रियेने तोडला की त्यामागे दोन हायड्रोजन अणूंचे वजन वाढते. आधीचे आणि नंतरचे वजन ताडून पाहिले की रेणूत किती गाठी होत्या, ते समजते.

तिसरी पायरी क्रमाची. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ट्रिप्सिन नावाचे विकर ही माळ ठरावीक मण्यांपाशीच कापते. कापलेल्या तुकड्यांची वजने मोजून मण्यांचा क्रम जुळवता येतो. मात्र हजारो माळांचे तुकडे एकत्र मिसळलेले असताना हे काम फार किचकट होते.

मग जनुकांची मदत कशी होते?

कोळ्याचे विष काढून घेतले की ग्रंथी रिकामी होते आणि तिच्या पेशी नव्याने विष तयार करायला लागतात. त्यासाठी जनुकांवरून विषाच्या ‘पाककृतीं’च्या प्रती, म्हणजे आरएनए, मोठ्या संख्येने काढल्या जातात. संशोधक याच काळात, काही दिवसांनी, ग्रंथी काढून त्यातील सर्व आरएनए वाचतात. यातून त्या ग्रंथीत काय काय बनू शकते, याची यादी हाती येते.

दुसरीकडे मास स्पेक्ट्रोमीटर विषात प्रत्यक्ष काय सापडले, ते सांगतो. दोन्ही याद्या संगणकावर एकमेकींशी ताडल्या जातात. पाककृतीत आहे आणि विषातही सापडले, तो घटक पक्का. या अभ्यासाला ‘व्हेनॉमिक्स’ म्हणतात.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाचे प्रा. ग्लेन किंग यांच्या गटाने ‘हॅड्रोनिकी इन्फेन्सा’ या फनेल-वेब कोळ्यावर हे काम केले. हा कोळी गारी (पूर्वीचे फ्रेझर बेट) येथे आढळतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात या विषातील पेप्टाइड आणि प्रथिनांची ३३ कुळे आढळली. त्यातील घटकांची एकूण संख्या सुमारे तीन हजारांच्या घरात जाते. आतापर्यंत अभ्यासल्या गेलेल्या विषांपैकी हे अत्यंत गुंतागुंतीचे विष मानले जाते.

तीन हजार घटक आले कुठून?

या अभ्यासातील महत्त्वाचा निष्कर्ष असा, की ३३ पैकी २६ कुळे गंधकाच्या बंधांनी बांधलेल्या पेप्टाइडची आहेत. त्यातील १५ कुळे ‘नॉटिन’ प्रकारची असून विषाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग त्यांनीच व्यापला आहे. नॉटिन म्हणजे गाठ मारलेला रेणू. दोन बंधांमुळे माळेचे एक कडे तयार होते आणि तिसरा बंध त्या कड्याच्या आतून ओवला जातो. ही गाठ इतकी पक्की असते, की उष्णता, आम्ल किंवा प्रथिने कापणारी विकरे यांना ती सहजासहजी दाद देत नाही.

यातील बहुतेक कुळे एकाच प्राचीन जनुकापासून निघाली असावीत, असे रेणूंच्या रचनेवरून दिसते. जनुकाची चुकून दुसरी प्रत तयार होते. मूळ प्रत आपले काम करत राहते आणि जादा प्रतीत बदल होत जातात. कोट्यवधी वर्षे हे चालले की गाठ तीच राहते, पण तिच्यावरची टोके बदलतात आणि प्रत्येक रेणू वेगळ्या दारावर जाऊन बसतो. औषध शोधणाऱ्यांच्या दृष्टीने हा तयार खजिनाच आहे, कारण टिकाऊ सांगाडा आणि अचूक नेम या दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात.

अँटिव्हेनम कसे सापडले?

संपूर्ण यादी हाती येण्याच्या कितीतरी आधी त्यातील एका नोंदीने लोकांचे प्राण वाचवले. मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीजमधील डॉ. स्ट्रुअन सदरलँड यांच्यापुढे पेच होता. फनेल-वेबचे विष माणूस आणि माकडांसाठी घातक, पण कुत्रा, मांजर, ससा यांच्यावर त्याचा परिणाम तुलनेने कमी. मग प्रयोग करायचे कशावर? शेवटी तेच उपयोगी ठरले. नराचे विष सशांना हळूहळू वाढत्या मात्रेत टोचले गेले. ससे जगले आणि त्यांच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे तयार झाली. १९८१ मध्ये हे अँटिव्हेनम पहिल्यांदा रुग्णाला देण्यात आले आणि तो बरा झाला.

जीव घेणारा घटक म्हणजे अवघ्या ४२ अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड. त्याचा क्रम १९८० च्या दशकात उलगडला. चेतापेशीवरील सोडियमची दारे उघडल्यानंतर लगेच मिटली पाहिजेत. हे पेप्टाइड त्यांना मिटू देत नाही. मग संदेश थांबतच नाहीत. दरदरून घाम, लाळ, स्नायूंची थरथर, रक्तदाबात चढ-उतार आणि फुप्फुसात पाणी अशी लक्षणे झपाट्याने दिसतात.

हेच अँटिव्हेनम इतर फनेल-वेब जातींच्या आणि ऑस्ट्रेलियातील ‘माऊस स्पायडर’च्या दंशावरही उपयोगी पडते, कारण त्या विषांतील घातक पेप्टाइड एकमेकांशी मिळतेजुळते आहे. जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की सिडनी फनेल-वेब म्हणून ओळखला जाणारा कोळी प्रत्यक्षात एक नव्हे, तीन जातींचा आहे. त्यामुळे प्रत्येक जातीच्या विषाची स्वतंत्र नोंद करणे आणखी महत्त्वाचे झाले आहे.

महाडच्या विंचवाशी याचे काय नाते?

ही लक्षणे कोकणातील डॉक्टरांना अनोळखी नाहीत. लाल विंचवाच्या विषातील पेप्टाइडही सोडियमच्या त्याच दारांना मिटू देत नाहीत. कोळी आणि विंचू यांच्यात उत्क्रांतीचे प्रचंड अंतर असले, तरी दोघांची विषे दाराच्या जवळपास त्याच जागी जाऊन बसतात. त्यामुळेच घाम, रक्तदाबाचा भडका, फुप्फुसात पाणी ही साखळी दोन्हीकडे दिसते.

रायगड जिल्ह्यातील बिरवाडी आणि महाड येथे काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले. विषामुळे शरीरात नेमके काय घडते, हे लक्षात आल्यावर त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरील साधे औषध वापरले आणि मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. विष कोणत्या दारावर घाव घालते, हे कळले की उपचाराची दिशा मिळते, याचे हे घरचे उदाहरण.

पक्षाघातावरील औषधाचा शोध कसा लागला?

गारी बेटावरील कोळ्याच्या विषग्रंथीतील जनुकीय माहिती वाचताना किंग यांच्या गटाला एक विचित्र पेप्टाइड दिसले. त्यात एक गाठ नव्हती, दोन गाठी जोडलेल्या होत्या. शिवाय दोन्ही भाग ओळखीचे वाटत होते. टॅरंटुला गटातील एका कोळ्याच्या विषात मेंदूच्या पेशींना वाचवणारे एक पेप्टाइड आधीच सापडले होते. त्याच्याच दोन प्रती एकापुढे एक जोडल्यासारखी ही रचना होती. ७५ अमिनो आम्लांच्या या रेणूचे नाव ‘एचआय-१ए’.

पक्षाघातात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो. प्राणवायू मिळेनासा झाला की पेशी त्याच्याविना ऊर्जा मिळवू पाहतात आणि त्या भागात आम्ल साचते. पेशींवर आम्ल ओळखणारे एक दार असते. ते उघडते, आत सोडियम आणि कॅल्शियम घुसतात आणि पेशी मरू लागतात. एचआय-१ए नेमके हेच दार बंद ठेवते.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पक्षाघात घडवलेल्या उंदरांना या पेप्टाइडचा एकच, किलोमागे दोन नॅनोग्रॅम एवढा सूक्ष्म डोस थेट मेंदूतील पोकळीत देण्यात आला. पक्षाघातानंतर आठ तासांनी डोस दिला, तरी मेंदूचे नुकसान लक्षणीयरीत्या कमी झाले. हा ‘आठ तास’ महत्त्वाचा आहे. सध्या रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देतात. त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर हे इंजेक्शन जिवावर बेतू शकते. गावातून तालुक्याला आणि तिथून जिल्ह्याच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत अनेकांची ही वेळ निघून जाते.

२०२१ मध्ये याच पेप्टाइडवरील पुढचा अभ्यास आला. हृदयविकाराच्या झटक्यातही प्राणवायूअभावी आम्ल साचते आणि तेच दार उघडते. प्राण्यांवरील प्रयोगांत एचआय-१एने हृदयाच्या पेशींचे रक्षण केले. प्रत्यारोपणासाठी काढलेले हृदय अधिक चांगल्या स्थितीत ठेवण्यासाठीही ते उपयोगी पडू शकते, असे दिसले.

मग औषध बाजारात का नाही?

उंदरांत यशस्वी ठरलेली मेंदू वाचवणारी अनेक औषधे माणसांवरील चाचण्यांत अपयशी ठरली आहेत. हा इतिहास संशोधकांनाही ठाऊक आहे. उंदराला डोस थेट मेंदूत दिला गेला, रुग्णाला तो शिरेतून द्यावा लागेल. सुरक्षितता, मात्रा आणि प्रत्यक्ष उपयोग हे टप्पे एकेक करून पार करावे लागतात.

उत्पादन हाही प्रश्न आहे. औषधासाठी कोळी पाळून भागणार नाही. म्हणून पेप्टाइडचे जनुक जिवाणूत घालून ते तयार करून घेतात. मात्र गंधकाच्या गाठी चुकीच्या बसल्या, तर तोच क्रम असूनही रेणू निकामी ठरतो.

तरीही विषातून औषध ही कल्पना नवी नाही. रक्तदाबावरील कॅप्टोप्रिल या औषधाचे मूळ ब्राझीलमधील एका सापाच्या विषात आहे. तीव्र वेदनांवरील झिकोनोटाइड सागरी शंखगोगलगायीच्या विषातून आले. कोळ्याच्या विषाने शेतीत आधीच पाऊल ठेवले आहे. ऑस्ट्रेलियाच्या ब्लू माऊंटन्समधील फनेल-वेबच्या एका पेप्टाइडवर आधारित कीटकनाशकाला अमेरिकेत २०१४ मध्ये मंजुरी मिळाली. ते यीस्टच्या मदतीने तयार केले जाते.

आपल्याकडील कोळ्यांचे काय?

जगात कोळ्यांच्या ५० हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. त्यातील फारच थोड्यांच्या विषाचा असा सखोल अभ्यास झाला आहे. फनेल-वेबच्या या घातक जाती भारतात नाहीत. सह्याद्रीत मात्र झाडांच्या ढोलीत राहणारे ‘पोसिलोथेरिया’ गटातील मोठे टॅरंटुला आढळतात. त्यांच्या दंशाने तीव्र वेदना आणि स्नायूंत गोळे येऊ शकतात. याच गटातील निळ्या रंगाची, आंध्र प्रदेशातील एक जात अतिसंकटग्रस्त आहे. पाळण्यासाठी होणाऱ्या व्यापारामुळे २०१९ मध्ये या संपूर्ण गटाला ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराचे संरक्षण मिळाले. जात नाहीशी झाली, तर तिच्या विषाची न वाचलेली यादीही तिच्यासोबत जाते.

घरात भिंतीवर दिसणारे बहुतेक कोळी माणसाला निरुपद्रवी असतात. दंश झालाच तर जागा साबण-पाण्याने धुवावी, चिरा देऊ नये, तोंडाने विष ओढू नये. वेदना वाढल्या, घाम सुटला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर तातडीने डॉक्टर गाठावा. शक्य असल्यास कोळ्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

पक्षाघाताच्या बाबतीत मात्र नव्या औषधाची वाट पाहण्यात अर्थ नाही. तोंड वाकडे होणे, एका हातातील ताकद जाणे, बोलणे अडखळणे यापैकी एकही लक्षण अचानक दिसले, तर वेळ पाहून ठेवावी आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात रुग्णाला ताबडतोब न्यावे. आज उपलब्ध असलेल्या उपचारांसाठी साडेचार तासांचे घड्याळ पहिल्या लक्षणापासूनच सुरू होते.